चौकट आणि समोधान : चित्रकथाकार दिलीप कदम यांच्या कारकिर्दीचा एक विचार

चित्रकथा, म्हणजे ज्याला आपली मुले 'कॉमिक्स' म्हणतात तो प्रकार, आपल्या विद्वत्पत्रिकांनी परीक्षणासाठी क्वचितच हाती घेतला आहे. मुलांच्या करमणुकीची वस्तू, प्रवासात वाचून बाजूला टाकण्याची, अशी तिची सर्वसाधारण ख्याती. परंतु पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाने तरी ही तुच्छता बाळगणे योग्य नाही. भरहुतच्या कठड्यावर शिल्पकारांनी जातके कोरली आणि त्यांवर त्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत लिहिली, तेव्हा चित्र आणि अक्षर यांची सांगड घालूनच त्यांनी धम्म लोकांपर्यंत नेला. सांचीची तोरणे आणि अजिंठ्याच्या भिंती ही त्याच परंपरेची पुढची रूपे होत. चित्रातून कथा सांगणे ही बौद्ध परंपरेला परकी गोष्ट नाही. उलट तिच्या आद्य उपासकांत आपले पूर्वज आहेत. म्हणून बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र ज्या चित्रकाराने प्रथम लाखो मुलांच्या हाती जाणाऱ्या मालिकेत रेखाटले, त्याच्या कारकिर्दीकडे गंभीरपणे पाहणे हे आपलेच काम आहे.

पुण्याची परंपरा

हा चित्रकार म्हणजे पुण्याचे दिलीप कदम. अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाऊसच्या वतीने 'अमर चित्र कथा' ही मालिका सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, सौरेन रॉय अशा मोजक्या हातांनी तिला तिचा चेहरा दिला. यांपैकी मुळीक हे पुण्याचे. मालिकेतील 'शिवाजी' त्यांनी काढला आणि पुढे दिल्लीच्या राज कॉमिक्सचा 'नागराज' हाही त्यांच्याच रेषेने घरोघर पोहोचला. त्यांच्याभोवती पुण्यात चित्रकथाकारांची जी एक पिढी तयार झाली, तिच्यातील कदम हे महत्त्वाचे नाव होय.

कदम यांच्या कामातील तीन टप्पे येथे विचारात घ्यावयाचे आहेत. पहिला, १९७९ मध्ये अमर चित्र कथेने प्रकाशित केलेला 'बाबासाहेब आंबेडकर' हा अंक. त्याची संहिता एस. एस. रेगे यांची आणि चित्रे कदम यांची. दुसरा, १९८५ ते १९८९ या काळात बेचाळीस अंकांत निघालेले 'महाभारत'. या प्रचंड प्रकल्पाचे प्रमुख चित्रकार कदम होते. तिसरा, राज कॉमिक्ससाठी त्यांनी काढलेला 'भोकाल', म्हणजे तलवार आणि ढाल धारण करणारा एक काल्पनिक अद्भुत योद्धा.

विसाव्या शतकातील एक विद्वान राष्ट्रपुरुष, पुराणकाळातील क्षत्रिय वीर आणि निव्वळ कल्पनेतला योद्धा हे तिन्ही एकाच हातातून उतरले आहेत. यात चित्रकाराला दोष देण्यासारखे काही नाही. तो त्याचा व्यवसाय होता. संहिता दुसऱ्याने लिहावी, संपादकाने ती तपासावी, प्रत्येक चौकटीत काय दाखवावयाचे ते बव्हंशी आधीच ठरावे आणि मग चित्रकाराने पेन्सिल व शाई हाती घ्यावी, अशी या कारखान्याची रीत होती. तथापि समीक्षकापुढे एक प्रश्न उभा राहतो. वीर रंगविण्याचे जे व्याकरण या मालिकेने घडविले, त्यात बाबासाहेबांचे जीवन कितपत मावले? आणि जे मावले नाही, ते काय होते?

१९७९ चा अंक

आधी त्या अंकाचे श्रेय नि:संकोचपणे नोंदविले पाहिजे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर काय ओढवले हे वाचकांस ठाऊक आहेच. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ ची वाट पाहावी लागली. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचा पहिला खंड काढला तो १९७९ मध्येच. ज्या वर्षी त्यांचे मूळ लेखन संकलित स्वरूपात नुकते कोठे उपलब्ध होऊ लागले होते आणि त्यांच्या नावावरून घरे जळालेली ताजी होती, त्या वर्षी राम, कृष्ण आणि शिवाजी यांच्या रांगेत, त्याच आकाराचे, त्याच किमतीचे बाबासाहेबांचे चरित्र दुकानात मांडले गेले. या गोष्टीचे सामाजिक मोल लहान नाही.

चित्रकार म्हणून कदम यांच्यापुढील अडचणही ध्यानात घ्यावी. राम किंवा अर्जुन यांचा खरा चेहरा कोणी पाहिलेला नाही. तेथे कॅलेंडरकलेची चौकट पुरते. बाबासाहेबांचा चेहरा मात्र लक्षावधी लोकांच्या घरांतील भिंतीवर होता. तो चुकला असता तर पहिल्याच पानावर अंक नाकारला गेला असता. कदम यांची रेषा येथे संयमी राहते. चष्मा, कोट आणि भव्य कपाळ या छायाचित्रांतून सर्वांना परिचित झालेल्या खुणांना ती धरून राहते. मालिकेतील देवादिकांच्या तेजोवलयाची येथे गरज नव्हती आणि आधुनिक पोशाखातील, हातात ग्रंथ असलेला पुरुष हाही मुलांचा नायक होऊ शकतो, हे या अंकाने दाखविले.

आता मर्यादांकडे वळू. मालिकेच्या नेहमीच्या बत्तीस पानांत पासष्ट वर्षांचे आयुष्य बसवावयाचे, म्हणजे प्रसंग निवडणे आले. बालपणीचे अपमान, बडोद्याची नोकरी, महाड, गोलमेज परिषद, संविधान आणि शेवटी धर्मांतर हे टप्पे क्रमाने येतात. या मालिकेवर नंदिनी चंद्रा (२००८), कार्लाईन मॅकलेन (२००९) आणि दीपा श्रीनिवास (२०१०) यांनी ग्रंथ लिहिले आहेत. गुणवत्ता आणि जिद्द यांच्या बळावर वर चढणारा एकटा पुरुष हा या मालिकेचा आवडता साचा आहे, हे त्यांच्या विवेचनाचा आधार घेऊन म्हणता येते. बाबासाहेबांचे चरित्र या साच्यात सहज बसल्यासारखे वाटते आणि त्यातच धोका आहे. बुद्धिमान मुलगा, कठोर परिश्रम, परदेशी पदव्या आणि अखेर यश, असे ते वाचले गेले की जातिव्यवस्था ही एका माणसाने ओलांडलेली अडचण ठरते. ती उखडण्यासाठी उभा राहिलेला समाज पार्श्वभूमीत जातो. चित्रात तो गर्दी म्हणून असतो, पात्र म्हणून नसतो.

धर्मांतराचेही असेच होते. कालक्रमाने सांगितलेल्या चरित्रात १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख शेवटी येणारच. पण शेवटी येणारी घटना आणि शेवटास नेणारी घटना यांत अंतर आहे. १९३५ मधील येवल्याच्या घोषणेपासूनची एकवीस वर्षे, त्यांतील अभ्यास आणि चिंतन, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची सिद्धता, हे सारे कृतीचे चित्र मागणाऱ्या चौकटीत कसे काढावयाचे? विचार करणारा माणूस चित्रकथेत टेबलाशी बसलेला दिसतो, इतकेच. वीराच्या व्याकरणाला चिंतनासाठी क्रियापद नाही.

जातक कसे सांगतात

येथे जातकांच्या रचनेकडे पाहणे उपयुक्त ठरेल. पालि जातकट्ठकथेतील ५४७ कथा एका ठरावीक घडणीच्या आहेत. प्रथम पच्चुप्पन्नवत्थु, म्हणजे जेतवनात किंवा अन्यत्र घडलेला वर्तमानातील प्रसंग. मग अतीतवत्थु, म्हणजे पूर्वजन्मीची कथा. मग गाथा, गाथांचे वेय्याकरण आणि अखेरीस समोधान. या समोधानात तथागत सांगतात की त्या काळचा अमुक तो आजचा अमुक. अमर चित्र कथेने जातकांवर अनेक अंक काढले. त्यांत बहुधा अतीतवत्थु तेवढे उरते. माकड, कोल्हा, हत्ती यांच्या चतुर कथा राहतात आणि वर्तमानाशी जोडणारा सांधा गळून पडतो. मुलांना कथा मिळते, परंतु ती कोणाला आणि का सांगितली हे मिळत नाही.

समोधानाचे महत्त्व वण्णुपथ जातकावरून स्पष्ट होईल. संग्रहातील हे दुसरे जातक. एक भिक्खू साधनेत खचला आणि त्याने प्रयत्न सोडला, तेव्हा ही कथा सांगितली गेली. वाळवंटातून जाणाऱ्या तांड्याचे पाणी आणि सरपण वाटेत संपते. सार्थवाह हिरवळ पाहून तेथे खणावयास लावतो. खूप खोल गेल्यावर खडक लागतो आणि सारे निराश होतात. सार्थवाह खाली उतरून खडकाला कान लावतो, त्याला पाण्याचा आवाज येतो. तो एका तरुण सेवकाला घण घालावयास सांगतो. बाकीचे खचलेले असताना तो तरुण घाव घालतो, खडक फुटतो आणि पाणी उसळून वर येते. समोधान असे आहे की सार्थवाह म्हणजे स्वत: बोधिसत्त्व आणि खडक फोडणारा तो तरुण म्हणजे समोर बसलेला, खचलेला भिक्खू.

या रचनेतील मर्म असे की कथेतील निर्णायक घाव बोधिसत्त्वाने घातलेला नाही. पाणी कोठे आहे हे त्याने ओळखले. खडक मात्र श्रोत्याने फोडला. ज्याला ही कथा सांगितली जात आहे, त्याच्याच हातून पूर्वी ते घडले होते, हे त्याला स्मरण करून दिले जाते. नायक एकच असला पाहिजे या चित्रकथेच्या नियमात हे बसणार नाही. तो नियम सार्थवाहाच्याच हाती घण देईल.

महाडचा प्रसंग या दृष्टीने पाहावा. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये संमत झाला होता; महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे १९२४ मध्ये जाहीर केले होते; पाणी मात्र बंदच होते. परिषद भरविण्यासाठी रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तरुण झटले. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे सहकारी पाठीशी राहिले. आणि २० मार्च १९२७ रोजी हजारो स्त्रीपुरुष तळ्यावर गेले. परतताना त्यांनी मारही खाल्ला. पुढे न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. पाणी कोठे आहे हे बाबासाहेबांनी ओळखले आणि ओंजळ प्रथम त्यांनी भरली हे खरे. परंतु खडकावर घण घालणारे हात हजारो होते. नायककेंद्री चरित्रात या हातांना नावे उरत नाहीत.

कदम यांना समूह काढता येत नव्हता असे कोणी म्हणणार नाही. महाभारताचे बेचाळीस अंक त्याचा पुरावा आहेत. सभा, सैन्ये, रथ, शोक करणाऱ्या स्त्रिया यांची एवढी विपुल आणि सुस्पष्ट रचना करणारा हात चवदार तळ्यावरील प्रत्येक चेहरा वेगळा काढू शकला असता. महाभारतात ती मोकळीक होती, कारण तेथे पाने होती आणि पात्रांना नावे होती. कुरुकुलातील प्रत्येकाला नाव मिळाले. महाडच्या यात्रिकांना मिळाले नाही. ही उणीव चित्रकाराच्या हाताची नव्हे. कोणत्या कथेला बेचाळीस अंक द्यावयाचे आणि कोणत्या कथेला एक, या निर्णयाची आहे.

चौकट मोडली तेव्हा

२०११ मध्ये नवयान प्रकाशनाने 'भीमायन' हा चित्रग्रंथ काढला. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची संहिता, व दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार दांपत्याची चित्रे. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांचा मुख्य आधार त्यास आहे. ही टिपणे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली ती १९९० मध्ये, म्हणजे कदम यांच्या अंकानंतर अकरा वर्षांनी. दोन्ही कृतींची तुलना करताना हे अंतर विसरू नये.

व्याम दांपत्याने चौकटी नाकारल्या. माणसांना पेटीत कोंडावयाचे नाही, त्यांना मोकळी जागा हवी, ही त्यांची भूमिका. भिंतीवरील दिगण्याची वेलबुट्टी पान विभागते. मृदू बोलणे पक्ष्याच्या आकारात येते आणि विखारी बोलणे विंचवाच्या नांगीच्या आकारात. पालि अभ्यासकाला येथे भरहुत आठवल्यावाचून राहणार नाही. मिग जातकाच्या एकाच वर्तुळात नदीतून माणसाला पाठीवर घेऊन येणारा मृग, धनुष्य ताणलेला राजा आणि हात जोडून उभा असलेला राजा, असे तीन क्षण एकत्र नांदतात. एका चौकटीत एकच क्षण हा नियम छापखान्याच्या युगाचा आहे. कथा सांगण्याचा तो एकमेव मार्ग नव्हे.

तरीही 'भीमायन'ने कदम यांचा अंक कालबाह्य केला असे मानणे घाईचे होईल. 'भीमायन' प्रौढ, सुशिक्षित आणि चित्रकलेची जाण असलेल्या वाचकाला अधिक जवळचे आहे. दहा वर्षांच्या मुलाला बाबासाहेब ओळखू येणे, गाडीवान कोण, शिक्षक कोण हे एका दृष्टिक्षेपात कळणे, ही गरज कदम यांची रेषा अधिक चांगली भागविते. एकात सुबोधता आहे, दुसऱ्यात मोकळीक. आपल्या मुलांना दोन्हींची गरज आहे आणि मूळ मराठीत, त्यांच्याच परिसराच्या संदर्भाने रचलेली अशी कृती हाती येणे हे अद्याप विरळाच.

जुन्नरचे पाणी

हा परिसर म्हणजे केवळ भूगोल नव्हे. जुन्नरभोवती तुळजा, शिवनेरी, लेण्याद्री आणि मानमोडी या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत. अजिंठ्यासारखी कथाचित्रे येथे नाहीत. आकृतिशिल्प फार विरळ आहे. येथे बोलतात ते शिलालेख, आणि ते पुन:पुन्हा पाण्याविषयी बोलतात. शिलालेखांच्या प्राकृतात पाण्याच्या टाक्याला 'पोढि' हा शब्द आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने शक संवत् ४६ मध्ये पोढी आणि मंडप दान दिला, असे मानमोडीचा लेख सांगतो. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. अमात्य, परदेशी आणि व्यापाऱ्यांचा संघ यांची नावे दगडात टिकली. आणि या शेवटच्या दानात तर दाता एक माणूस नसून समूह आहे.

पश्चिमेस नाणेघाट. तेथील लेण्यात सातवाहन कुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या आणि प्रत्येकीवर नाव कोरलेले होते. प्रतिमा आता जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत, नावे उरली आहेत. घाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण लोक जकातीचा म्हणून दाखवितात आणि वाटसरूंसाठी खोदलेली टाकी आजही पाहावयास मिळतात. याच्या शेजारी बाबासाहेबांच्या टिपणांतील तो प्रसंग ठेवावा. मसूर स्थानकावरून बैलगाडीने वडिलांकडे निघालेली तहानलेली मुले रात्री जकात वसूल करणाऱ्याच्या झोपडीशी येतात, पाणी मागतात आणि त्यांना पाणी मिळत नाही. जकात, वाटसरू आणि पाणी या तिन्ही गोष्टी दोन हजार वर्षांच्या अंतराने दोन्ही ठिकाणी आहेत. मधल्या काळात या भूमीवर काय घडले हे मुलांना समजावून देण्यास याहून सोपे साधन कोणते? आंबेगाव तालुक्यातील मुलांना तर पाण्याचा प्रश्न पुस्तकात शोधण्याचीही गरज नाही. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते गावच डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले आहे.

दिलीप कदम यांच्या कारकिर्दीतून घ्यावयाचा धडा मला असा दिसतो. लोकप्रिय मालिकेच्या चाकोरीत राहूनही प्रामाणिक रेषा चरित्राला प्रतिष्ठा मिळवून देऊ शकते, हे त्यांनी १९७९ मध्ये सिद्ध केले. ते ऋण मान्य करून पुढचे काम आपल्यालाच करावे लागेल. त्या अंकात जे नव्हते, ते म्हणजे समोधान. बाबासाहेबांची जयंती साजरी करणाऱ्या वस्तीने ते आपल्या परीने केव्हाच केले आहे. वामनदादा कर्डकांसारख्या लोकगायकांच्या गाण्यांतून आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीतून ही कथा आपली आहे असे तिने सांगितले. कागदावर मात्र ते व्हावयाचे आहे.

विहारांतून चालणाऱ्या बालवर्गांनी जुन्नरची एक पोढी, महाडचे तळे आणि वण्णुपथातील खडक यांवर एक साधी मराठी चित्रकथा तयार करावी. चौकटी असोत वा नसोत. चित्रे कदम यांच्या रीतीची असोत वा व्यामांच्या. अट एकच असावी, की शेवटच्या पानावर घण कोणाच्या हाती आहे हे वाचणाऱ्या मुलाला कळले पाहिजे, आणि तो हात आपला आहे हेही कळले पाहिजे.